लिलाव की पदवी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘खेळ श्रेष्ठ की शिक्षण श्रेष्ठ’ हा वक्तृत्व स्पर्धांचा फार जुना विषय आहे. शाळेत असताना मीही त्यावर एकदा बोलले होते. दोन्ही बाजूंचा गौरव करायचा, निरोगी शरीरात निरोगी मन असते असे सांगायचे आणि पाच मिनिटांत खाली बसायचे, एवढेच त्यात असे. परंतु अलीकडच्या काही वर्षांत हा विषय व्यासपीठावरून उतरून आमच्या नांदेड-लातूर भागातल्या साध्या घरांत येऊन बसला आहे. कबड्डी किंवा खो-खो चांगली खेळणाऱ्या आणि नुकतीच बारावी झालेल्या मुलापुढे आज दोन वाटा असतात. एका वाटेवर महाविद्यालय, विद्यापीठाचा संघ आणि तीन-चार वर्षांनी मिळणारी पदवी. दुसऱ्या वाटेवर व्यावसायिक लीगचा करार आणि त्यातून मिळणारी, आमच्या घरांनी कधी एकत्र न पाहिलेली रक्कम.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आला. आमचे गाव मुखेड तालुक्यात, लातूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. गावातली काही मुले शिकायला नांदेडला येतात, काही लातूरला जातात. मी नांदेडला आले आणि माझा धाकटा भाऊ लातूरला गेला. अप्पा चौथीपर्यंत शिकले, माय शाळेत गेलीच नाही. भाऊ चढाईपटू आहे. त्याला पुण्यातल्या एका निवड चाचणीचे बोलावणे आले, तेव्हा अप्पांनी मला फोन केला. “तू कालेजात हाईस, तुला कळतंय. नीट इचारून सांग, बाई,” एवढेच ते म्हणाले. ज्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही, तिथे पहिल्याने शिकणाऱ्यावर असे काम येतेच. मी क्रीडाशिक्षकांना विचारले, विद्यापीठाकडून खेळलेल्या जुन्या खेळाडूंना भेटले, ग्रंथालयात बसून वाचले. त्यातून जे समजले ते इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

प्रथम थोडे दूरचे उदाहरण घेऊ, कारण हा पेच जगात सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेतल्या बेसबॉल या खेळात. तेथे १९६५ सालापासून दरवर्षी व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची निवड करतात. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव पुकारतात आणि ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच त्या मुलाला करार करता येतो. २०२१ पासून या निवडीच्या वीस फेऱ्या होतात. शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचे नाव त्यात आले की त्याला ठरावीक तारखेच्या आत निर्णय द्यावा लागतो. करार केला तर पैसा लगेच मिळतो, पण महाविद्यालयाच्या बेसबॉल संघाकडून पुढे खेळता येत नाही. करार नाकारून चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे होईपर्यंत पुन्हा ड्राफ्टमध्ये नाव येत नाही. म्हणजे तेथे एक दार उघडले की दुसरे बंद होते.

करार झाला म्हणजे मोठ्या मैदानावर उतरलो, असेही तेथे नसते. आधी दुय्यम दर्जाच्या संघांतून वर्षानुवर्षे खेळत वर चढावे लागते आणि बहुसंख्य मुले वरपर्यंत पोचत नाहीत. आपल्या देशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले जाऊन पिट्सबर्गच्या संघात गेले होते. त्यांचा प्रवासही या खालच्या पायऱ्यांवरच संपला. मात्र अमेरिकेच्या पद्धतीत एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. शाळेतून थेट करार करणारा मुलगा करारातच एक कलम घालून घेऊ शकतो, की पुढे खेळ सुटल्यावर त्याने ठरावीक मुदतीत महाविद्यालयात प्रवेश घेतला तर शिक्षणाचा ठरलेला खर्च संघाच्या करारातून मिळेल. खेळ संपणार आहे हे तेथे खेळ सुरू होण्यापूर्वीच गृहीत धरले जाते.

आता आपल्याकडे येऊ. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. त्या वेळी आठ संघ होते, २०१७ पासून बारा झाले. महाराष्ट्राचे त्यात यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ आहेत. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली होती, १२ लाख ८० हजार रुपयांची. पाचच वर्षांनी, २०१९ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. त्याच लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती.

आमच्या गावात ‘लिलाव’ हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू येतो : मोंढ्यात मालाची बोली लागते तेव्हा आणि बँकेची जप्ती येते तेव्हा. माणसाचा लिलाव म्हटल्यावर मायने कानाला हात लावला. परंतु अप्पांनी लगेच हिशेब केला, आणि तो हिशेब सर्वांनीच करून पाहण्यासारखा आहे. आमची जमीन तीन एकर, कोरडवाहू. पाऊस चांगला झाला तर वीस-बावीस क्विंटल सोयाबीन होते. बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी हे सगळे वजा जाता हातात चाळीस-पंचेचाळीस हजार उरतात. म्हणजे ‘ड’ गटातल्या खेळाडूची एका हंगामाची मूळ किंमत आमच्या शेताच्या वीस वर्षांच्या उत्पन्नाएवढी भरते. ‘आधी शिक्षण पूर्ण कर’ असे अशा घरातल्या मुलाला सांगणे सोपे आहे. पण हा आकडा डोळ्यांपुढे ठेवूनच ते सांगितले पाहिजे.

तथापि या आकड्याच्या मागे आणखी काही आकडे आहेत. लीगच्या एका संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात. बारा संघ धरले तर संपूर्ण देशात जास्तीत जास्त तीनशे जागा होतात. त्यात परदेशी खेळाडू आले आणि वर्षानुवर्षे खेळणारे अनुभवी खेळाडूही आले. नव्या मुलांसाठी ‘नवे तरुण खेळाडू’ असा वेगळा गट आहे. संघ त्यांना चाचण्यांतून निवडून थेट करारबद्ध करतात. त्यांच्यावर बोली लागत नाही, म्हणून त्यांचा मोबदला कोटीत नसतो, तो काही लाखांत असतो. वर्तमानपत्रात छापून येते ती वरच्या दहा-वीस जणांची किंमत, आणि गावाच्या पारावर बोलले जाते तेही तिच्याबद्दलच.

खो-खोची गोष्ट याहून लहान आहे. अल्टिमेट खो-खो ही लीग ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याजवळच्या बालेवाडीत सुरू झाली. तिच्यात सहा संघ होते. गंमत म्हणजे तेथे बोलीचा लिलाव न ठेवता अमेरिकेसारखी ड्राफ्टची पद्धत घेतली होती. खेळाडूंचे चार गट पाडले होते. ‘अ’ गटाला पाच लाख, तर ‘ड’ गटाला एक लाख रुपये असा ठरलेला मोबदला होता. पहिला हंगाम ४ सप्टेंबर २०२२ रोजी संपला आणि दुसरा सुरू व्हायला २४ डिसेंबर २०२३ उजाडले. मधले पंधरा महिने या मुलांनी काय करायचे? कबड्डीतही २०२० साली महामारीमुळे हंगाम झालाच नाही. लीग हा धंदा आहे. प्रायोजक, प्रक्षेपण आणि प्रेक्षक जमले तर तो चालतो. नोकरीतला पगार जसा दर महिन्याला येतो तसा लीगचा पैसा येत नाही.

शरीराचेही तसेच आहे. ज्या सिद्धार्थ देसाईचा उल्लेख वर केला, तो २०२१-२२ च्या हंगामात दुखापतीमुळे बहुतेक सामने खेळू शकला नाही आणि नंतर त्याची किंमत एकदम खाली आली. तो जिद्दीचा खेळाडू, म्हणून २०२३ मध्ये पुन्हा एक कोटीला गेला. पण त्याचे नाव आधीच झालेले होते. पहिल्याच वर्षी गुडघा गेलेल्या अनोळखी मुलाला पुन्हा कोण बोलावणार? आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला सांगितले, की मुलगा चाचणीला निघाला की त्याला ते आधी एक गोष्ट विचारतात : “गुडघ्याचा खर्च कोण करणार, हे लिहून दिले आहे का?”

आपल्याकडची स्थिती अमेरिकेपेक्षा एका बाबतीत बरी आहे. लीगचे पैसे घेतले म्हणून येथे महाविद्यालयाचे दार बंद होत नाही. मात्र ते वेळापत्रकाने बंद होऊ शकते. लीगचा अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर २०२४ असा चालला, बारावा २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२५ असा. त्याआधी महिना-दोन महिने सराव शिबिर असते. म्हणजे आमचे पहिले सत्र जवळजवळ सगळे त्यात जाते आणि हिवाळी परीक्षा त्याच सुमारास येतात. वर्गातल्या उपस्थितीसाठी खेळाडूंना सवलत मिळू शकते, पण न दिलेली उत्तरपत्रिका कोणी तपासत नाही. एकेक विषय मागे राहतो आणि दोन वर्षांत मुलगा कॉलेज सोडतो. हा धोका करारात लिहिलेला नसतो, म्हणून तो आधी कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे कोणी विचारील, की पदवी घेऊन तरी काय मिळते? बी. ए. झालेली किती मुले नांदेडच्या अभ्यासिकांत बसून आहेत हे मी रोज पाहते, म्हणून हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. लातूरचे नाव तर शिक्षणासाठीच गाजले. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे बारावी विज्ञान आणि पुढे डॉक्टर-इंजिनिअर, असे सगळा महाराष्ट्र समजतो. कला शाखेतल्या खेळाडू मुलासाठी असा कोणताच पॅटर्न नाही. तरीही खेळाडूच्या बाबतीत पदवीला एक खास किंमत आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेथे मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी पाहतात, लीगमध्ये बोली किती लागली होती हे नव्हे. आणि खेळाडू असला तरी त्या पदाची शैक्षणिक पात्रता सुटत नाही. बारावी झालेला मुलगा पोलीस शिपाई होऊ शकतो. फौजदाराच्या परीक्षेला बसायचे तर पदवी लागते. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षक व्हायचे, तर त्याआधी कोणत्या तरी शाखेची पदवी लागते. मैदानातले कौशल्य दोघांचे सारखेच असेल, पण तीस-बत्तीसाव्या वर्षी खेळ थांबला की दोघे कोठे उभे राहतील ते या एका कागदावर ठरते.

मराठवाड्यातली काही नावे याच दृष्टीने पाहावीत. कुस्तीत हा पेच लीग येण्याच्या किती तरी आधीपासून होता. आमच्या भागातली मुले शाळा सोडून कोल्हापूर-पुण्याच्या तालमीत जात. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पुढे पुण्यात वस्ताद म्हणून मल्ल घडवले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य मिळवले आणि २०२० मध्ये तो महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाला.

बीड जिल्ह्यातल्याच आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात भरती झाला. धावपटू तो लष्करातच घडला. सियाचीनच्या बर्फात पहारा देऊन आलेला हा जवान २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक विजेता आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेता झाला. त्याने कॉलेज निवडले नाही, हे खरे. पण त्याने जे निवडले त्यात कायमची नोकरी, उपचार आणि प्रशिक्षण एकत्र होते. २०२२ पासून अग्निपथ योजना आल्यावर भरती चार वर्षांची झाली असून त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात. तेव्हा साबळेचे उदाहरण देणाऱ्यांनी हा फरकही सांगावा.

लीगने आयुष्य घडवले अशी उदाहरणेही आहेत आणि ती लपवणे योग्य होणार नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार अत्यंत गरिबीतून आला. पुणेरी पलटणने त्याला तरुण खेळाडूंच्या गटातून घेतले. २०२३ मध्ये तो आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने लीग जिंकली. माझा भाऊ त्याचे छायाचित्र वहीत ठेवतो. त्या वहीत इतिहासाच्या टिपणांपेक्षा चढाईच्या आकृत्या जास्त आहेत.

येथे मुलींविषयी बोलणे मला भाग आहे. मी स्वतः खो-खो खेळते. वर सांगितलेल्या दोन्ही लीग मुलांच्या आहेत. लिलाव की पदवी हा प्रश्न माझ्या भावाला पडला, मला पडला नाही, कारण माझ्यापुढे लिलाव नव्हताच. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. मूळची बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाची विजेती कर्णधार झाली. मुलींना आज खेळातून जे मिळते ते राज्य, विद्यापीठ आणि देश यांच्या संघांतून आणि त्या आधारे लागणाऱ्या नोकरीतून मिळते. म्हणून पदवीचे महत्त्व आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मुलांनी हे आमच्याकडून शिकायला हरकत नाही.

मग दोन्ही साधण्याचा काही मार्ग आहे का? आहे, पण तो माहीत पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासाला श्रेयांक असतात आणि मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर आवश्यक श्रेयांक पूर्ण करून प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकंदर सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. म्हणजे एक वर्ष नीट पूर्ण करून करारावर गेलेल्या मुलाचे ते वर्ष बुडत नाही. मात्र अर्धवट सोडून गेलेल्याला हा फायदा नाही. दुसरा मार्ग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विभागीय केंद्र नांदेडलाही आहे. पण तेथे शिकणाऱ्याला नांदेड विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येणार नाही, हे लक्षात ठेवावे.

ज्यांच्या घरी असा करार येईल त्यांनी सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. करार किती हंगामांचा आहे? रक्कम एकदम मिळणार की हप्त्याने? संघाने सामन्यात उतरवलेच नाही तर किती मिळणार? दुखापतीचा विमा आहे का आणि बरे होईपर्यंतचा खर्च कोणाचा? परीक्षेसाठी चार दिवस सोडतील का? कागद इंग्रजीत असतो. तो जाणत्या माणसाकडून मराठीत समजावून घ्यावा आणि सही करताना पालक सोबत असावेत. आणखी एक. चाचणीला ‘बसवून देतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. आमच्याकडे एका मध्यस्थाने वीस हजार मागितले होते. अप्पा बैल विकायला निघाले होते. व्यावसायिक संघ खेळाडूला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही, एवढी एकच गोष्ट ठाऊक असल्याने ते बैल वाचले.

आमच्या घरी शेवटी असे ठरले : लातूरचा प्रवेश सोडायचा नाही, प्रथम वर्षाचे दोन्ही परीक्षा अर्ज वेळेवर भरायचे आणि चाचणीला मात्र जायचे. करार आला तर पहिले वर्ष पूर्ण करून जायचे. अप्पांना हे अजून पूर्ण पटलेले नाही. “एवढा पैसा दारात आल्यावर थांब म्हणू नये,” असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ज्याने तीस वर्षे पावसाची वाट पाहिली त्याचे हे म्हणणे मला चूक म्हणवत नाही. माय म्हणते, पोराच्या हातात कागद पाहिजे. भाऊ दोघांचेही ऐकतो आणि पहाटे पाचला मैदानावर जातो. हा अंक आपल्या हाती पडेल तोपर्यंत चाचणीचा निकाल लागलेला असेल.

वाचकांपैकी जे खेळाडू आहेत त्यांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते, की कोणतीही वाट निवडा, पण आकडे, तारखा आणि अटी पाहून निवडा. आणि आपल्या महाविद्यालयाला एक विनंती. क्रीडा विभाग आणि परीक्षा विभाग यांनी मिळून खेळाडू विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शन कक्ष सुरू करावा. तेथे आठवड्यातून एक तास कोणीतरी बसावे आणि करार, श्रेयांक व आरक्षणाचे नियम मराठीत समजावून सांगावेत. ज्यांच्या घरी सांगणारे कोणी नाही अशीच मुले आज या मैदानांवर जास्त आहेत.